उलटा राहिलेला हर्डल

मित्रांनो, मी हर्डल. शर्यतीत मुलं ज्याच्यावरून पळत जातात ना, तो. आता जुना झालोय. रंग तीनदा उडालाय.

एका वेल्डरनं मला दुपारभरात जोडलं. दोन उभे पाइप, वर आडवी लाकडी पट्टी, खाली दोन लांब पाय. दोन्ही पाय एकाच बाजूला. हे पाय पळत येणाऱ्याच्या बाजूला असायला हवेत. मग कुणाचा गुडघा पट्टीला लागला की मी पुढे आडवा होतो आणि पळणारा वाचतो. जोडून झाल्यावर वेल्डरनं मला लाथ घातली. मी धाडकन पडलो. "झकास!" तो म्हणाला. माझी पहिली शाबासकी पडल्याबद्दलची.

मग बरीच वर्षं मैदानावर गेली. पुढे नवे हर्डल आले आणि मी सामानाच्या खोलीमागे. माझ्यावर ओले टॉवेल वाळायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मला परत बाहेर काढलं टिटवीसाठी. टिटवी म्हणजे काडीसारख्या पायांची बारा वर्षांची मुलगी. तिचा मागचा पाय उशिरा उचलला जायचा. गुडघा दर वेळी पट्टीवर. खेळाचे सर ओरडायचे, "अगं, उडी मारू नकोस, पळत ओलांड! गुडघा बाजूनं वर, काखेपर्यंत!"

दोनदा ती पडली. मग तिची आई थेट मैदानावर आली. "सर, आता एकदा जरी ही लागून घेऊन घरी आली ना, तर हिचे शूज माळ्यावर जाणार. कायमचे."

टिटवी नुसती शूजकडे बघत राहिली.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आधी लहान मुलं समोरच्या टोकाकडून पळाली होती, म्हणून आता आम्हा पाचही हर्डलना फिरवायचं होतं. सरांनी चार फिरवले. पाचव्यापाशी, म्हणजे माझ्यापाशी आले, तेवढ्यात दोन पोरांची जुंपली. सर सोडवायला धावले. मी तसाच राहिलो. उलटा.

आणि सरांनी शिट्टी मारली.

टिटवी सुटली. पहिला गेला. दुसरा गेला. मला ओरडता येत नाही हो. तिची नजर फक्त पट्टीवर, शिकवलंच तसं होतं. तिसऱ्यापाशी सरांना माझे पाय दिसले.

"थांब! टिटवे, थांब!"

पण सरांनीच बजावलं होतं, कुणी काही ओरडलं तरी थांबायचं नाही. तिनं वेग वाढवला. चौथा गेला. आता गुडघा लागला तर मी हलणार नाही, तीच तोंडावर आपटणार.

पुढचा पाय गेला. मागचा उचलला. गुडघा काखेपर्यंत आला. चड्डीची शिवण पट्टीला घासली. बस्स, तेवढंच. गेली.

सर माझ्याशेजारी मटकन खाली बसले.

"वेळ किती सर?"

त्यांनी घड्याळ थांबवलंच नव्हतं. "चूक माझी. हा उलटा राहिला."

टिटवीनं मला ढकलून पाहिलं. मी हललो नाही. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "आम्ही शूजची नाडी बांधायला विसरलो तर शिक्षा म्हणून मैदानाच्या चार फेऱ्या असतात."

"असतात."

"मग?"

सर उठले आणि पळायला लागले. तिसऱ्या फेरीत त्यांनी कंबर धरली. पोरं मोठ्यानं मोजत होती. "सर, गुडघा काखेपर्यंत!" कुणीतरी ओरडलं.

टिटवी मोजत नव्हती. तिनं मला सरळ फिरवलं आणि तळहातानं धक्का दिला. मी पडलो. तिनं उचललं, परत धक्का दिला. मी परत पडलो. मग कुठे ती सुरुवातीच्या रेषेकडे गेली.

मित्रांनो, मला कितीदाही पाडा, माझी काही तक्रार नाही. फक्त पळायच्या आधी प्रत्येक हर्डलपाशी चालत जा आणि पाय कुणीकडे आहेत ते बघा. सरांनी ठेवला असेल, तरीही.