काम चालू आहे

“सापडत नाही म्हणतोय,” लिफ्टवाले पडद्याकडे बघत म्हणाले.

“काय सापडत नाही?” बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“लायब्ररी.”

“तुम्ही कधी सभासद झालात? वर्गणी भरल्याशिवाय कोण देतंय पुस्तकं?”

लिफ्टवाले हसले नाहीत. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हती. दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा तो गठ्ठा होता. तो संगणकात बसला की लेकीने पाठवलेला प्रोग्राम चालणार होता, आणि प्रोग्राम चालला की त्यात बाईंचा आवाज साठवता येणार होता. सोमवारी बाईंच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढायचं होतं. डॉक्टरांनी ते एखादी दाढ काढायची असल्यासारखं सांगून टाकलं. पुढे बाई जे लिहितील ते संगणक बाईंच्याच आवाजात बोलेल, असं लेक म्हणाली होती. फक्त आवाज आधी द्यायला हवा होता.

लेक दूर नोकरीला होती. तिने फोनवर तीन पायऱ्या लिहून पाठवल्या होत्या. पहिली, पायथन, म्हणजे प्रोग्रामची भाषा, बसवा. दुसरी, लायब्ररी बसवा. तिसरी, आईकडून खालची वाक्यं वाचून घ्या.

लिफ्टवाले म्हणजे उभी हयात लिफ्टच्या खड्ड्यात घालवलेला माणूस. शेजारीच काय, सासुरवाडीचे लोकही त्यांना लिफ्टवालेच म्हणत. एक पायरी पुरी झाल्याशिवाय पुढचीला हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म होता. आधी मेन बंद, मग दोर, मग दार, मग चाचणी, आणि माणसं सगळ्यात शेवटी. त्यांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना मनातल्या मनात फार अभिमान होता.

संगणक मात्र त्यांनी म्हातारपणीच हाताळायला घेतला होता. काळ्या चौकटीत आज्ञा टाइप करायची, की खाली लाल अक्षरांची रांग लागायची. एकदा त्यांचा ‘इन्स्टॉल’मधला एक ‘एल’ राहिला. एकदा आडवी रेघ द्यायची तिथे त्यांनी मोकळी जागा सोडली. पायथन बसवताना तळाशी एक बारीक रकाना असतो, त्यात बरोबरची खूण करायची असते, हे त्यांना ते सगळं दोनदा काढून पुन्हा बसवल्यावर कळलं. तरी लाल अक्षरं येतच राहिली. त्या अक्षरांत एका ठिकाणी दर वेळी छोटे छोटे चौकोन उमटत. ते असतातच, असं लिफ्टवाल्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

बाई बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. शाळा सुटून वर्षं झाली तरी तोंडाचा पट्टा सुटला नव्हता. त्या कुकरशी बोलत, जिन्यातल्या मांजरीला रागावत, आणि ऐकायला कुणीच नसलं तर स्वतःला गोष्ट सांगत. आता आवाज बसला होता, खरखरीत झाला होता, पण होता त्यांचाच.

“अहो, मी काय म्हणते, त्या वरच्या मजल्यावरच्या आजी काल...”

“जरा गप्प बस गं. माझी अक्षरं चुकतात.”

“तुमच्या लायब्ररीतही बोलायला बंदीच आहे का?”

एवढं म्हणून त्या खरंच गप्प बसल्या. एरवी गप्प बस म्हटलं की त्या दुप्पट बोलत. आपल्यासाठीच चाललंय म्हणून त्या शहाण्या मुलीसारख्या खिडकीशी बसून राहिल्या, आणि लिफ्टवाल्यांना ते बरंच वाटलं.

लेकीचा रोज फोन येई. “बाबा, जमतंय ना?”

“काम चालू आहे,” लिफ्टवाले सांगत.

बंद लिफ्टच्या दाराला ते जी पाटी अडकवत तिच्यावर हेच शब्द होते. त्या पाटीपुढे उभं राहून आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. लोक मुकाट्याने जिना चढत. लेकीनेही पुढे काही विचारलं नाही. बाबांनी हातात घेतलंय म्हणजे होणार, असं ती लहानपणापासून धरून चालली होती. आणि आपल्याला फॉल्ट सापडत नाही, हे कबूल करणं लिफ्टवाल्यांच्या जिवावर येत होतं.

रविवारी संध्याकाळी बाईंना दवाखान्यात दाखल केलं. लिफ्टवाल्यांनी संगणकही बरोबर घेतला आणि खाटेशेजारच्या स्टुलावर मांडला.

“मला जरा बोलायचंय तुमच्याशी,” बाई म्हणाल्या.

“हो, दोन मिनिटं. आता होतच आलंय.”

बाईंनी वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग नर्स आली आणि भेटीची वेळ संपली म्हणाली.

“मिटा ते आता,” बाई म्हणाल्या. “डोळे बघा कसे झालेत. काहीतरी खाऊन घ्या जाताना.”

सकाळी लिफ्टवाले पोचले तोवर बाईंना गुंगीचं औषध दिलेलं होतं. त्यांनी बाईंचा हात धरला, पण बाईंना तो कळला की नाही कोण जाणे. स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं.

थोड्या वेळाने लेक बॅग खांद्याला लावूनच धावत आली. बापाच्या मांडीवरचा उघडा संगणक बघून ती चकित झाली.

“अजून हेच? बघू. बाबा, हे चौकोन काय आहेत?”

“ते असतातच.”

“नसतात. हे तुमच्या संगणकावरच्या खात्याचं नाव आहे. मराठीत लिहिलंय का?”

संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने नाव काय टाकू विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, घर आपलं तर पाटीही आपल्या अक्षरांत हवी, आणि खात्याला ‘आमचं घर’ असं नाव दिलं होतं. लायब्ररी लिहिणाऱ्याने असली अक्षरं हिशेबात धरलीच नव्हती. लायब्ररी घराच्या दारापर्यंत येई, पाटी वाचता न आल्याने परत जाई. लेकीने इंग्रजी अक्षरांत दुसरं खातं उघडलं, आणि नर्सने आणून दिलेला चहा निवायच्या आत लायब्ररी बसली. पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं.

फॉल्ट सापडला की लिफ्टवाल्यांचा चेहरा उजळायचा, तसा तो आताही उजळला.

“द्या आता आईचं रेकॉर्डिंग,” लेक म्हणाली. “आत टाकते.”

“कसलं रेकॉर्डिंग?”

“वाक्यांचं. फोनवर करून ठेवलंत ना?”

“ते तिसऱ्या पायरीला होतं,” लिफ्टवाले म्हणाले.

“बाबा, त्याला हे काहीच लागत नव्हतं. नुसता फोन धरायचा होता तिच्यासमोर.”

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. “माझंच चुकलं, मी नीट लिहायला हवं होतं,” असं ती दोनदा म्हणाली, आणि आपल्या फोनमधले आईचे जुने निरोप शोधू लागली. निघाले ते दोन-चारच, तेही भर रस्त्यातल्या गोंगाटातले. मागच्या हॉर्नमधून आईचं एखादं “पोचलीस का गं” ऐकू येत होतं. एवढ्यावर भागणार नव्हतं. लिफ्टवाले बंद दाराकडे तोंड करून बसले होते.

पुढे बाई उशीला टेकून बसू लागल्या. गळ्यावर पट्टी, हातात लेकीने आणलेली वही. लिफ्टवाल्यांनी लेकीला बाहेर जायला सांगितलं आणि स्टूल जवळ ओढलं.

“आवाज घ्यायचा राहिला गं,” ते म्हणाले. “तू बोलत होतीस आणि मी तुला गप्प बसवत होतो.”

बाईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी चादरीच्या टोकाने पुसले. मग बराच वेळ लावून वहीत लिहिलं आणि वही फिरवून धरली. ‘आता तुम्ही बोला.’

लिफ्टवाल्यांनी घसा खाकरला. संसारात बोलायचं खातं बाईंचं होतं. त्यांना हवापाण्याच्या पलीकडे काही सुचेना. शेवटी त्यांनी संगणक उघडला, चष्मा लावला, आणि लेकीने आईसाठी लिहिलेली वाक्यं एकेक करून वाचायला घेतली.

“आज वारा पडला आहे. टेबलावर निळं भांडं ठेवलं आहे.” आवाज जाड होता, शब्द अडखळत होते. बाई मान एका बाजूला कलवून ऐकत होत्या.

“मी दार उघडून बाहेर आले,” लिफ्टवाल्यांनी वाचलं. ‘आले’चं ‘आलो’ त्यांनी केलं नाही. “मी तुझी वाट बघत होते.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. लिफ्टवाल्यांनी चष्मा पुसला आणि ते पुढचं वाक्य वाचू लागले.