खेळाडू पारखणाऱ्याचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझा रंग एके काळी गडद हिरवा होता, हे आता सांगितल्याशिवाय कळत नाही. पोटाला एक मोठा पोचा आहे. साउथ डकोटातल्या एका मैदानाबाहेर माझा मालक बर्फावर घसरून पडला, तेव्हाचा तो. त्या दिवशी त्याने आधी मला उचलून कानाशी हलवून पाहिले आणि मग स्वतःचे कोपर पाहिले. म्हणून त्या पोच्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

कारखान्यात आम्ही शेकड्यांनी जन्मलो. माझी भावंडे गवंड्यांकडे, शिकाऱ्यांकडे, ट्रकवाल्यांकडे गेली. मला डुलुथ शहरातल्या एका दुकानातून मार्लिस हॉगन नावाच्या बाईंनी घेतले. त्यांच्या नवऱ्याला, लोवेलला, नवी नोकरी लागली होती आणि हिवाळाभर तो घरी नसणार होता.

"माझी नाही तर निदान माझ्या कॉफीची तरी सोबत असू दे," त्या म्हणाल्या.

ती सोबत फक्त पहिल्या दिवसापुरती असे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोटात मोटेलची कॉफी, नाहीतर पेट्रोल पंपावरची.

लोवेल एका व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी कॉलेजातले खेळाडू पारखत असे. दर जूनमध्ये ड्राफ्ट होतो. सगळे संघ पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव घेतात आणि ती मुले त्यांची होतात. कोणाचे नाव घ्यावे, हे सांगण्यासाठी लोवेल त्याआधीचा सगळा हिवाळा आयोवा, नेब्रास्का, इंडियाना असा गाडीने पालथा घालत असे. प्रत्येक गावी तो सगळ्यांत वरच्या बाकावर, कोपऱ्यात बसे. इतर संघांची माणसेही आलेली असत. ती दुरूनच मान हलवून ओळख देत. शेजारी कोणी कोणाच्या बसत नसे, कारण आपण कोणत्या मुलाकडे पाहतो आहोत ते दुसऱ्याला कळता कामा नये. आजूबाजूला हजारो माणसे ओरडत आणि लोवेलच्या शेजारी मी एकटा.

चेंडू गेला की सगळ्यांच्या माना तिकडे वळत. लोवेल मात्र ज्याच्या हातात चेंडू नाही त्याच्याकडे पाही. चूक झाल्यावर मुलगा कोणाकडे बघतो, बाहेर बसवल्यावर पाण्याची बाटली शेजारच्याच्या हातात देतो की त्याच्या अंगावर फेकतो, असले त्याचे बघणे. मुक्कामी पोचला की तो घरी फोन लावी. मी फोनशेजारीच असे, त्यामुळे मार्लिसबाईंचा आवाज मला ऐकू येई.

"तुझा आवाज ऐकून कुत्रं उठून बसलं," त्या म्हणत. "त्याला वाटतं, तू फोनमध्येच राहतोस."

लोवेल हसे. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तो टीव्हीही लावत नसे.

मग एका हिवाळ्यात इंडियानातल्या एका छोट्या कॉलेजात आम्हाला लामार प्रुइट दिसला. उंच, हडकुळा, लांब हातांचा मुलगा. चेंडू बास्केटच्या कड्यावर आपटून कुठे पडणार, हे त्याला इतरांच्या आधी कळे. तो धावत नसे, आधीच तिथे उभा असे. लोवेल पुढे वाकून बसला, आणि माझ्यातून ओतलेला कप त्याच्या हातात तसाच गार झाला. असे फार क्वचित होई.

मुलाला पारखायचे तर त्याचे घरही पाहावे लागते. लामारची आई व्हर्ना एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. पहिल्या भेटीत तिने लोवेलला दारातच अडवले.

"उंची मोजलीत, हात मोजलेत. आता काय, दातही मोजणार का माझ्या पोराचे?"

"मोजले," लोवेल म्हणाला. "डावीकडचा एक पडलाय."

व्हर्ना हसली आणि बाजूला सरली. तिने त्याला मक्याचा पाव आणि घेवडा वाढला. निघताना मला धुऊन, पुसून, स्वतःची कॉफी भरून दिली. लोवेल बिनसाखरेची पिणारा आणि तिच्या कॉफीत साखरच साखर. तरी त्याने थेंबही सांडला नाही. त्यानंतर कुठेही जायचे असले तरी आमचा रस्ता इंडियानावरून जाऊ लागला. सबंध हिवाळ्यात लोवेल ओव्हरकोट काढून बसे, असे ते एकच घर होते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सामना संपला. लोवेल नेहमी गर्दी ओसरेपर्यंत थांबे. लामार मागच्या दाराने बाहेर पडला. तो कठडा धरून, आडवा होऊन पायऱ्या उतरत होता. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टेकवायचा आणि मग उजवा त्याच्याशेजारी आणून ठेवायचा. थोड्याच वेळापूर्वी हाच मुलगा हरणासारखा उड्या मारत होता.

"गुडघा कधीपासून दुखतोय?" लोवेलने विचारले.

"कुठला गुडघा?"

"डावा."

लामारने इकडेतिकडे पाहिले. "कोच सामन्याआधी सुई टोचतात. तेवढा वेळ काही जाणवत नाही. मिस्टर हॉगन, जूनपर्यंतचाच प्रश्न आहे. तुम्ही काही बघितलं नाही, एवढंच करा."

"बघायचाच पगार घेतो मी, लामार. डॉक्टरकडे जा. उद्याच्या उद्या जा."

"गेलो तर सगळ्यांना कळेल."

"कळू दे."

"तुमचं काय जातंय म्हणायला?" लामार म्हणाला आणि लंगडत बसकडे गेला.

मोटेलवर येऊन लोवेलने आपल्या संघाच्या कचेरीत फोन लावला. तिथे फिस्क नावाचे त्याचे वरिष्ठ होते. लोवेलने पाहिलेले सगळे सांगितले. त्याला वाटले होते, फिस्क हळहळतील.

"उत्तम काम केलंस," फिस्क म्हणाले. "आता कुठे बोलू नकोस. आपल्या आधी ज्यांची पाळी आहे, त्यातला कोणीतरी त्याला घेईल आणि फसेल. आपल्याला तेवढा दुसरा चांगला मुलगा उरेल."

"आणि गुडघ्याचं काय?"

"पोरगा आपला नाही ना, लोवेल."

मित्रांनो, मी गरम गोष्ट गरम ठेवतो, माझे काम तेवढेच. पण त्या संध्याकाळी मला उचलून कोणी पेलाभर कॉफी ओतून घ्यावी, असे फार वाटत होते. लोवेल खुर्चीत बसून राहिला. घरी फोनही त्याने केला नाही.

सकाळी तो व्हर्नाकडे गेला. मी त्याच्या काखेत होतो. तिने नेहमीप्रमाणे मला घ्यायला हात पुढे केला, पण त्याने मला दिले नाही. उभ्याउभ्याच त्याने सगळे सांगितले. पायऱ्या, सुई, फिस्क यांचे बोलणेही.

"लामारला माहीत आहे?"

"गुडघ्याचं माहीत आहे."

"तुम्ही मला सांगताय, हे?"

"नाही."

तिने कोट चढवला. "यामुळे तुमच्या नोकरीचं काय होईल?"

"ते मी बघीन."

"मी विचारलं नसतं तर नोकरीचं बोललाही नसतात," ती म्हणाली आणि मुलाला आणायला कॉलेजकडे निघून गेली. आमच्यामागे ते दार बंद झाले. त्या घरात पुन्हा जायचे आमच्या नशिबी नव्हते.

डॉक्टरांनी गुडघा उघडला तेव्हा आतली कूर्चा फाटून हाडे एकमेकांवर घासत होती. लामारचा खेळ तिथेच थांबला. वर्तमानपत्रात बातमी आली आणि सगळ्या संघांना कळले. आईला कोणी सांगितले ते फिस्कना लगेच कळले आणि लोवेलची नोकरी गेली. फिस्कनी एवढेच सांगितले की घरातली गोष्ट बाहेर नेणारा माणूस त्यांना नको.

लामारचा फोन आला तेव्हा मी डुलुथच्या स्वयंपाकघरात ओट्यावर होतो.

"तुम्ही आमच्या घरी जेवलात," तो म्हणाला.

"हो."

"आईला का सांगितलं? मला सांगायचं."

"तुला सांगितलं होतं."

"मग पुन्हा सांगायचं. दहादा सांगायचं. तुम्हाला दुसरी नोकरी मिळेल. मला दुसरा जून नाही."

पलीकडून फोन ठेवला तरी लोवेल तो कानाशी धरून उभा होता. मार्लिसबाईंनी तो हातातून काढून घेतला.

जूनमध्ये ड्राफ्टच्या दिवशी दुपारी लोवेल टीव्हीसमोर बसला. मार्लिसबाईंनी विचारले, "कशाला छळून घेतोस?" नावे येत गेली. नाव आलेली मुले संघाची टोपी घालून हसत होती, आया रडत होत्या. लामारचे नाव आले नाही. शेवटच्या फेरीतली नावे संपली आणि फोन वाजला. व्हर्ना होती.

"नाव आलं नाही."

"बघत होतो मी."

"लामार खोलीत आहे, दार लावून. मी तुमचे आभार मानायला फोन केलेला नाही."

"कळतंय मला."

"शिव्या द्यायलाही नाही. शेवटच्या नावापर्यंत बसून राहिलेला दुसरा कोणी मला माहीत नव्हता."

तिच्या घरचा टीव्ही आणि आमच्या घरचा टीव्ही, दोन्हींवर तोच माणूस तेच बोलत होता. मग तिने हळूच फोन ठेवला.

पुढची वर्षे लोवेलने एका लोखंडी सामानाच्या दुकानात काढली. दुकान घरापासून चार पावलांवर, जेवायला घरी यायचे. मग थर्मास कशाला? मी गॅरेजात, रंगाच्या डब्यांशेजारी फळीवर गेलो. झाकण घट्ट लावलेले, आत अंधार. थंडीचा मोसम सुरू झाला की मला अजून वाटे, आता गाडीच्या किल्ल्यांचा आवाज येईल. दर नाताळला तो व्हर्नाला पत्र टाकी आणि तिचे चार ओळींचे उत्तर येई, असे बोलण्यातून कळे. लामारचे कधी आले नाही.

एका मार्चमध्ये मात्र मला खाली काढले. मार्लिसबाईंनी मला गरम पाण्याने खळखळून धुतले. व्हर्ना वारली होती. थकलेला लोवेल एकटाच गाडी चालवत इंडियानाला निघाला.

चर्चबाहेर तो गाडीला टेकून उभा राहिला. आत जावे की नाही, हे त्याचे ठरत नव्हते. तेवढ्यात एक उंच माणूस वाहनतळ ओलांडून आमच्याकडे आला. केस पिकायला लागले होते. आता तो एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवत होता, हे आम्हाला त्याच्या आईच्या पत्रांतून ठाऊक होते.

लोवेलने माझे झाकण काढून त्यात कॉफी ओतली आणि पुढे केली. लामारने घेतली.

"डॉक्टर म्हणाले होते, तसाच खेळलो असतो तर दोन-तीन वर्षं निघाली असती," तो म्हणाला. "ती मला हवी होती."

"माहीत आहे."

"नंतर धड चालता आलं नसतं, असंही म्हणाले."

"तेही माहीत आहे."

"आई शेवटपर्यंत म्हणायची, तुम्ही बरोबर केलंत. मी अजून ठरवलेलं नाही."

"घाई नाही," लोवेल म्हणाला.

लामारने कॉफी संपवली, झाकण झटकून परत दिले आणि म्हणाला, "आत चला. थंडी आहे."

ते दोघे आत गेले. मी गाडीच्या टपावरच राहिलो, वाऱ्यात.

मित्रांनो, मी आता पुन्हा फळीवर आहे. लोवेलला वयामुळे गाडी चालवता येत नाही आणि मला बाहेर नेणारे दुसरे कोणी नाही. तुमच्यासारख्यांना मी एवढेच सांगेन. कोणी उंच उडी मारली की टाळ्या जरूर वाजवा, पण घरी जाण्याआधी थोडे थांबा, आणि तो कसा चालतो ते पाहा. दुखते का, असे विचारा. तो रागावला तर रागावू द्या. आणि तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जुना थर्मास पडलेला असेल, तर त्याला धुऊन ठेवताना झाकण तेवढे उघडे ठेवा. फार दिवस बंद राहिले की आत कोंदट वास धरतो, आणि मग कितीही चांगली कॉफी ओतली तरी ती कोणाला गोड लागत नाही.