बाईंची गोष्ट आणि करपलेले शर्ट

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. मुठीला तडा गेलाय, वायरीला चिकटपट्टी आहे. पण तापते अजून झकास, तेव्हा उगाच मला म्हातारी म्हणू नका.

आमच्या बाईंच्या लग्नात मी भेट म्हणून आले. बाई विनोदी गोष्टी लिहीत. विषय घरचेच: नवरा-बायको, पोरं, आणि पोरं झोपत नाहीत म्हणून राहून गेलेलं प्रेम. कपड्यांवरून मला फिरवताना त्यांना वाक्य सुचे. मग मला आहे तिथेच टाकून त्या कागदाकडे धावत. करपल्याचा वास सुटला की समजावं, गोष्ट फक्कड जमली! यजमानांच्या बहुतेक शर्टांवर माझा ठसा होता, पण त्यांनी कधी ब्र काढला नाही.

यजमानांचं चष्म्यांचं दुकान. नवा चष्मा लावला की गिऱ्हाईक काउंटरवरचं मासिक वाचून बघे. एके दिवशी यजमान तणतणत घरी आले. एका आजोबांनी नेमकी बाईंचीच गोष्ट वाचली होती, तीही खणखणीत आवाजात. त्यातली बायको नवऱ्याच्या मानेवरचा तीळ पाहून विरघळते आणि ऐन वेळी संडासातून मुलगा ओरडतो, "आई, झालं!" दुकानभर हशा पिकला. मग आजोबांनी नव्या चष्म्यातून यजमानांची मान न्याहाळली. तीळ जागच्या जागी होता.

यजमानांनी दुकानातून आणलेलं ते मासिक माझ्याखाली सरकवलं. इस्त्री टेकवायला बरं, एवढंच म्हणाले. बाईंनी ते पाहिलं आणि लिहिणं सोडलं.

तेव्हापासून शर्ट कडक, बिनडागी निघू लागले. माझी वाहवा झाली, पण खरं सांगते, ती मला गोड लागली नाही. घरात कुणी हसेना. बाई काम करताना माझ्याकडेच बघत राहत, आणि माझ्यात बघण्यासारखं आहे काय?

आज सकाळी यजमानांनी शर्ट घातला आणि डाग शोधत बसले. सापडेना. मग मला उचलून त्यांनी खालचं मासिक काढलं. वरचं पान करपलं होतं. उभ्या उभ्याच वाचलं, तिळापाशी आले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

"तुला अजून असं वाटतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"खोटं कशाला लिहीन?" बाई म्हणाल्या.

यजमानांनी अंगातला शर्ट काढून माझ्यापुढे पसरला. "जाळ हवा तर. पण लिही."

बाई त्यांच्याजवळ सरकल्या, तोच संडासातून धाकट्याची हाक आली, "आई, झालं!" या वेळी यजमान धावले. बाईंनी मी तापलेली असतानाच मला शर्टावर ठेवलं आणि कागद ओढला.

मित्रांनो, गरम इस्त्री कशावरही टेकवा, पण कुणाच्या लिहिण्यावर टेकवू नका. आणि जरा घाई करा, मला कुणीतरी उचला. बाई खुदकन हसल्यात आणि माझ्याखाली शर्ट आहे.