इंजिन कशानं बसलं

माणिकप्पाने चौथा पिस्टन पारड्यात ठेवला आणि पारडं खाली गेलं. समोरच्या पारड्यात पहिला पिस्टन होता. दुसरा आणि तिसरा त्याच्याशी बरोबर जुळले होते. हा मात्र चांगला सुपारीभर जड निघाला. माणिकप्पाने पारडी स्थिर होऊ दिली आणि मान हलवली.

“हा सेट नको.”

नांदेडच्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. दुकानदार सरदारजी वयस्क, शांत माणूस. गिऱ्हाइकाने तराजू मागून घ्यावा आणि पिस्टन डाळीसारखे तोलावेत, हे तो कौतुकाने बघत होता.

“शेठजी, तुमचा धंदा कोणता?”

“आडत. लातूरला. तूर, हरभरा.”

“तरीच!”

माणिकप्पा हसला. गल्ल्यापासून जरा दूर, दाराच्या चौकटीला टेकून लिंबाजी उभा होता. तो माणिकप्पाचा ड्रायव्हर. माणिकप्पाने अँबॅसिडर घेतली तेव्हापासून ती लिंबाजीच्याच हातात होती. पिस्टन तोलून घ्यावेत, एक जरी जड निघाला तर इंजिन थरथरतं, हे त्यानेच सकाळी एसटीत सांगितलं होतं. तराजू माणिकप्पाचा, म्हणून कौतुक माणिकप्पाच्या वाट्याला आलं. लिंबाजीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

लातूरच्या मेहबूब मिस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा चारही सिलिंडर नांगरल्यासारखे ओरखडलेले होते. ते बोअर करून मोठे करायचे आणि मूळच्यापेक्षा जाड पिस्टन घालायचे, एवढाच उपाय होता. कंपनीचा सेट कधी येईल याचा भरवसा नव्हता. बाहेरचा माल मिळत होता, पण त्यात दहा तऱ्हा. “देखके लेना, मालक,” मिस्त्री म्हणाला होता. “बाहरच्या मालाला माय-बाप नसतो.”

सरदारजीने आणखी दोन खोकी काढली. एका खोक्यातले पिस्टन आरशासारखे चकाकत होते. दुसऱ्यातले राखेच्या रंगाचे, बघितल्यावर मन न भरणारे. माणिकप्पाचा हात आपोआप चकाकत्या खोक्याकडे गेला.

“थांबा,” सरदारजी म्हणाला. “आधी सांगा, इंजिन कशानं बसलं? ऑइल संपून, का पाण्यावाचून तापून?”

“त्यानं काय फरक पडतो?”

“पडतो ना. एकदा तापून बसलेलं इंजिन पुन्हा तापायला वेळ लागत नाही. हा चकचकीत माल गरमीत लवकर फुगतो, आणि फुगला की सिलिंडरला धरतो. तापून बसलं असेल तर हा दुसरा न्या. दिसायला असा आहे, पण दम धरतो.”

दारातल्या लिंबाजीने मान वर केली. त्याचे ओठ हलल्यासारखे झाले.

“पाण्यावाचून,” माणिकप्पा घाईने म्हणाला. एवढ्यावर थांबता आलं असतं. सरदारजीने एवढंच विचारलं होतं. “ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. काटा पार टोकाला गेला तरी ह्यानं बघितलं न्हाई.”

सरदारजीने लिंबाजीकडे बघितलं. ते बघणं रागाचं नव्हतं. हातातून पेला सुटलेल्या पोराकडे बघावं तसं होतं.

“हाव,” लिंबाजी म्हणाला. “मीच हाकली.” मग त्याने बाहेर रस्त्याकडे तोंड केलं.

माणिकप्पाने राखेच्या रंगाचे पिस्टन तोलायला घेतले. एकेक ठेवायचा, एकेक उचलायचा. चारही बरोबर होते. तरी त्याने ते पुन्हा एकदा तोलले, कारण तराजूवरून नजर उचलायची त्याला भीती वाटत होती.

*

काटा लिंबाजीने बघितला होता. टोकाला जायच्या आधीच बघितला होता.

नांदेडला एका लग्नाला निघाले होते दोघं. चाकूर यायच्या आधी गाडीचं नाक वाफ सोडायला लागलं, तेव्हा लिंबाजीने एका गावाच्या फाट्यावर, लिंबाच्या झाडाखाली गाडी घेतली. डिकीतला डबा काढला आणि गावच्या आडाकडे चालत गेला. दुष्काळाचं दुसरं साल होतं ते. लातूर जिल्हा झाला म्हणून गुलाल उधळला, त्याचा रंग भिंतींवरून जायच्या आत पाणी गेलं होतं, आणि नव्या जिल्ह्याची पहिली ओळख लोकांना टँकरनेच झाली होती. पण त्या आडात पाणी होतं. मागच्या सीटवरून माणिकप्पाला पोहरे वर येताना दिसत होते.

लिंबाजी परत आला तो रिकामा डबा घेऊन.

“मालक, तुमी येता का जरा? तुमी आलात तर देतील.”

“का? तुला का देईनात?”

“नाव इचारलं. गाव इचारलं.” लिंबाजी डब्याच्या कडीशी चाळा करत होता. “मंग म्हनले, मालकाला पाठव.”

नाव आणि गाव विचारलं की वस्ती कळते, आणि वस्ती कळली की बाकीचं सगळं कळतं. माणिकप्पालाही ते त्या क्षणीच कळलं होतं. मठात चारचौघांत बसला की तो म्हणायचा, आमच्या धर्मात जातपात न्हाई. आणि म्हणताना ते त्याला खरंही वाटायचं. आडापर्यंत पन्नास पावलं चालायची होती. गळ्यातलं लिंग बघून लोकांनी राम राम घातला असता, डबा भरून दिला असता. पण मग लिंबाजीला का दिलं नाही, हे विचारावं लागलं असतं. निदान न विचारता डबा उचलून परत तरी यावं लागलं असतं, लिंबाजीच्या समोर. आणि उन्हं मी म्हणत होती.

“एवढ्या उन्हात मी येऊ? दुष्काळाचं पाणी आहे, कोण देणार? चल, चाकूर आलंच. तिथं बघू.”

“मालक, काटा लई वर गेलाय.”

“चल म्हणतो ना.”

चाकूर यायच्या आत बोनेटखाली दगड फुटावा तसा आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली. ती बैलांनी ओढून आणली. दुसऱ्या दिवशी आडतीवर कुणी तरी विचारलं, आणि माणिकप्पाच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा निघालं: ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. संध्याकाळपर्यंत गंजगोलाईच्या सगळ्या बाजाराला माहीत झालं की लिंबाजीने इंजिन जाळलं. नंतर नंतर तर माणिकप्पाला ते वाक्य सांगताना काही वाटेनासं झालं. आज पहिल्यांदाच तो ते लिंबाजीच्या देखत बोलला होता.

*

परतीच्या एसटीत दोघं एका बाकावर बसले. पिस्टनचं खोकं लिंबाजीने मांडीवर घेतलं होतं. गाडीत माणिकप्पा मागे आणि लिंबाजी पुढे असायचा. इतकी वर्षं त्याने लिंबाजीची मानच बघितली होती. आता खांद्याला खांदा लागत होता. कानाजवळचे केस पिकायला लागलेत, हे त्याला आज दिसलं.

लोहा मागे पडल्यावर लिंबाजी म्हणाला, “मालक, एक सांगायचं व्हतं. कलेक्टर कचेरीत टँकरवर ड्रायवर घ्यायलेत. मी अर्ज केलाय.”

“कधी?”

“गाडी बंद पडल्यावर.”

“मला बोलला न्हाईस.”

“आता बोलायलाव ना.”

बस धक्के खात होती. माणिकप्पाला विचारायचं होतं, माझ्यावर राग आहे का? त्याने विचारलं, “मुलाखत व्हायची आहे का?”

“हाव. पुढल्या आठवड्यात. इंजिन बसवून दिल्याबिगर जात न्हाई म्या, काळजी करू नका.”

जो ड्रायव्हर स्वतःच्या मालकाचं इंजिन जाळतो, त्याच्या हातात सरकार टँकर देईल का? हा प्रश्न माणिकप्पाच्या मनात आला. गंजगोलाईतली गोष्ट कचेरीत पोचायला कितीसा वेळ लागतो? तो फाटा आला तेव्हा बस थांबली नाही. माणिकप्पाने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. शेजारी लिंबाजी सरळ समोर बघत होता.

मुलाखतीपर्यंतच्या दिवसांत मेहबूब मिस्त्रीबरोबर लिंबाजीने इंजिन जोडलं. पिस्टनला तेल लावून एकेक सिलिंडरमध्ये उतरवताना तो मुलाला न्हाऊ घालावं तसा हलक्या हाताने काम करत होता. माणिकप्पा स्टुलावर बसून बघायचा, उठून जायचा, परत यायचा. एकदा तो म्हणाला, “लिंबाजी, त्या दिवशी...”

“मालक, जरा कंदील इकडं धरा,” लिंबाजी म्हणाला.

माणिकप्पाने कंदील धरला. ते वाक्य तिथेच राहिलं.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. आवाज असा की बोनेटवर पाण्याचा पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये. मिस्त्रीने लिंबाजीच्या पाठीवर थाप मारली. लिंबाजीने हात पुसले, किल्ली माणिकप्पाच्या हातात दिली आणि मुलाखतीला गेला.

त्या रात्री माणिकप्पाने ठरवलं. टँकरची भरती बघणारे आप्पासाहेब त्याच्या ओळखीचे होते. त्यांच्या घरची तूर त्याच्याच आडतीवर यायची. त्यांच्यासमोर सरळ सांगायचं. इंजिन लिंबाजीनं जाळलं न्हाई, मी जाळलं. आडावर काय झालं ते सांगायचं, आणि मी गाडीतून उतरलो न्हाई हेही सांगायचं. गावभर झालं तर होऊ दे. हे ठरल्यावर त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

कलेक्टर कचेरी अजून भाड्याच्या इमारतीत होती. व्हरांड्यात पाण्यासाठी आलेल्या गावोगावच्या लोकांची दाटी होती. त्यांच्यातून वाट काढत माणिकप्पा आत गेला. आप्पासाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला.

“तुमच्या ड्रायव्हरविषयी बोलायला आलात ना?” तेच म्हणाले.

“हो. त्याच्याबद्दल लोक जे बोलतात—”

“ऐकलं होतं मी. म्हणून मुद्दाम तोच प्रश्न विचारला. इंजिन कशानं बसलं रे बाबा?” आप्पासाहेब पुढे झुकले. “इथं येणारा प्रत्येक जण काय सांगतो, माहीत आहे? मालकानं ऑइल दिलं नाही, मिस्त्री चोर होता, रस्ता खराब होता. हा म्हणाला, काटा वर गेलेला मला दिसत होता, तरी मी गाडी हाकली. चालवणारा मी होतो, जबाबदारी माझी. मालकांचा काही दोष नाही. बस. एवढंच बोलला.”

माणिकप्पाने कपाची कड धरली.

“मी त्याच दिवशी सही केली,” आप्पासाहेब म्हणाले. “स्वतःची चूक कबूल करणारा माणूस टँकरचं पाणी वाटेत विकणार नाही. या दिवसांत मला असलाच माणूस पाहिजे. खोटं बोललेला कुणी सापडला तर त्याला मी दारात उभं करत नाही. पण तुम्ही काय सांगायला आला होतात?”

बाहेर कुणी तरी आपल्या गावाचं नाव मोठ्याने सांगत होतं. शिपाई त्याला गप्प करत होता. माणिकप्पाने चहाचा घोट घेतला. तो फार गरम होता. तरी त्याने तो तसाच गिळला.

“हेच,” तो म्हणाला. “माणूस चांगला आहे, एवढंच.”

“ते दिसलंच. तुमच्या हाताखाली तयार झालेला आहे शेवटी.”

माणिकप्पा उठला. नमस्कार करून तो बाहेर आला.

आवारात टँकर उभे होते. एकाच्या पायरीवर लिंबाजी खाकी शर्ट घालून बसला होता. शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. माणिकप्पाला बघून तो लगबगीने उठला.

“मालक? इकडं कुठं?”

“असंच,” माणिकप्पा म्हणाला. “नवी कचेरी बघितली नव्हती.”

लिंबाजीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. आत काय झालं असेल ते त्याला कळलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

“बघितली?”

“बघितली.”

टँकर भरल्याची हाक आली. लिंबाजी चढला, त्याने आरसा नीट केला आणि टँकर फाटकातून बाहेर काढला. उन्हात उभा राहून माणिकप्पाने तो वळेपर्यंत बघितला.