गोकुळदासांचा वायफाय

गौरवीने ‘मागे जा’वर पुन्हा एकदा बोट दाबलं आणि फोन टेबलावर पालथा घातला.

“काय झाला?” शेजारी बसलेल्या आईने, सुलोचनाने, विचारलं.

“हंयसून कोणतरी पासवर्ड चोरीत, म्हणता फोन.”

हे गोकुळदासांच्या कानावर गेलं. मांद्र्याच्या किनाऱ्यावरचं हे गेस्ट हाउस त्यांचं. गावातला टॉवर कालपासून बंद, त्यामुळे आज त्यांच्या व्हरांड्यात पर्यटकांपेक्षा गावकरीच जास्त होते.

“माज्या वायफायाक चोर म्हणतंस? गोरे लोक हंयसर बसून बँकेची कामां करतत. तेंका सोडून मी तुकाच लुटतलंय?”

“तुमका नाय ओ म्हणत. पासवर्ड भिंतीर लिवलोहा, मधी कोणय बसात.”

“मधी मीच बसलंय, गल्ल्यार!”

सगळे हसले. गौरवीलाही हसू आलं, पण पडद्यावरचा लाल त्रिकोण काही हलेना. बंगळूरच्या संशोधन संस्थेत मिळालेली जागा आज पाचच्या आत स्वीकारायची होती; नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाणार. वडील गेल्यापासून घरात दोघीच. पत्र आल्यापासून आई ‘जा’ही म्हणाली नव्हती आणि ‘नको’ही. शेवटी आज सकाळी गौरवीने स्वतःच काय ते ठरवलं, तर हे असं.

इशाऱ्याखाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ असं होतं. आईने त्यावर बोट ठेवलं.

“ह्या दाब मगे.”

“नाय.”

गौरवीने गोकुळदासांचा फोन मागून घेतला. वायफाय तोच, पत्ता तोच. पान निमूट उघडलं.

“बघ!” गोकुळदास म्हणाले. “आता हेच्यारच भर आनि मोकळी हो.”

“दुसऱ्याच्या फोनार पासवर्ड घालूचो नसता.”

“म्हणजे वायफाय सुटलो. आता माजो फोन चोर!”

पण गौरवीचं डोकं एव्हाना चालू लागलं होतं. वायफाय तोच, पान तेच, बदलला तो फक्त फोन. म्हणजे खोट आपल्याच फोनात. तिने ‘तपशील’ उघडला. संस्थेच्या संकेतस्थळाच्या ओळखपत्राची मुदत संपली आहे, असं फोनचं म्हणणं. तिने फोनवरची तारीख पाहिली. वेळ बरोबर होती. महिना मे. साल पुढचं.

“आय, माज्या फोनाक हात लावलंलंस?”

सुलोचनाने पदर सारखा केला. “काल राती. फोनातला पंचांग आजचाच पान दाखयता. म्हणान तारीखच फुडे सारलंय.”

“फुडल्या मे म्हयन्यात? कित्याक?”

“शिरगावची जत्रा खंयच्या वाराक येता ता बघूक.” शिरगाव तिचं माहेर. ती समुद्राकडे बघत राहिली. “आयतवाराक लागान इली तर बरी. बंगळुरासून येवचा म्हणजे रजा मिळाक नको?”

काल रात्री गौरवीचं काही ठरलंसुद्धा नव्हतं.

तिने तारीख जागेवर आणली. पान उघडलं. ‘स्वीकार’वर बोट दाबलं तेव्हा आई पडद्यात डोकं घालून बसली होती.

“आता माज्या वायफायाची माफी माग,” चहाचे पेले ठेवत गोकुळदास म्हणाले.

गौरवीने उठून भिंतीवरच्या राउटरला दोन्ही हात जोडले. व्हरांडा पुन्हा हसला.

“दी हंय तो फोन,” आई म्हणाली. “जत्रा बघलंय, गणपतीची चवथ बघूची रवली.”

पंचांगात पुढच्या महिन्याला जायला बाण होता. तो दाखवायला गौरवीने बोट उचललं. मग ते मागे घेऊन तिने सेटिंग उघडलं, साल पुन्हा पुढचं केलं आणि फोन आईच्या हातात दिला.