सायाकच्या वाट्याचं हाड

आमच्या घरी मेंढा कापला की भांडण ठरलेलंच. मटण वाटणारा माझा नवरा शेरअली, आणि त्याला हात एकच. दुसरा अफगाणिस्तानात राहिला. म्हणून शिजलेलं हाड धरायचं मी, सुरी चालवायची त्यानं, अन् सुरी घसरली की बोलणी खायची परत मीच. फेब्रुवारीचा दिवस होता. अंगणात निम्मा बर्फ, निम्मा चिखल. रशियाच्या फौजेतनं त्या लढाईवर गेलेले आमच्या खोऱ्यातले गडी दरसाल फौज तिथनं माघारी फिरली त्या दिवशी आमच्याकडं जेवतात. आता सगळ्यांच्या दाढ्या पिकल्यात, पण एकत्र बसले की एकमेकांच्या टोप्या पळवतात मेले.

आमच्यात मेंढ्याचं हाड ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं जातं. कमरेचं हाड सगळ्यात मानाचं. या दिवशी ते जित्या माणसाला मिळत नाही, ते सायाकचं. सायाक तिकडंच पडला. त्याचा वाटा आधी काढायचा, त्याच्या आईला, बुरुल आपाला, पोचवायचा आणि मगच बाकीच्यांनी हात धुवायचे. नेऊन द्यायचं काम माझं, कारण आपाचं घर कुंपणापलीकडं.

पण त्या सकाळी आपानंच मला हाक मारून बजावलं होतं.

"साइरा, यंदा हाड ओमुरनं आनून द्यायचं. त्यो येनार नसंल तर कुत्र्याला घाल."

ते मी सगळ्यांपुढं सांगितलं. सायाकच्या तुकडीतला ओमुर चुलीजवळ बसला होता, लंगडा पाय लांब करून. त्याचं तोंड राखेसारखं झालं. म्हणाला, वहिनी, तुम्हीच न्या. शेरअलीनं सुरी खाली ठेवली. मग कुणी न्यायचं यावरनं गड्यांत जुंपली.

ओमुरचा पाय सुरुंगावर पडला तेव्हा बाकीचे पुढं निघून गेले होते. सायाक एकटा मागं फिरला. ओमुरला ओढत दगडाआड आणलं, आणि तिथंच त्याला गोळी लागली. ओमुर शुद्धीवर आला तो इस्पितळात. तोवर इकडं सायाकची जस्ताची सीलबंद शवपेटी आली होती. परक्या शिपायांनी ती उतरवली, उघडू दिली नाही, घाईघाईनं पुरायला लावली.

लेकाला रीतीनं कुणी रडलं नाही, ती गोष्ट आपाच्या काळजात रुतली. आमच्यात गडी माणूस मेला की त्याचे भाऊ घराबाहेर काठीवर वाकून मोठ्यानं रडतात. लांबनं येणारा तर वाटेच्या वळणापासनंच 'माझ्या भावा' असा हंबरडा फोडत येतो. वर्षानं आला तरी तसंच यायचं. सायाकला सख्खा भाऊ नव्हता, बाप आधीच गेलेला. भावाच्या जागी रडायला येईल म्हणून आपा ओमुरची वाट बघत राहिली.

ओमुर आला तो कुबडी टेकत. वळणावर थांबला. मी कुंपणातनं बघत होते. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि गपचूप घरात शिरला. चहा प्याला, उठून गेला. गाव म्हणालं, दगड आहे. त्यानंतर त्यानं आपाला तोंड दाखवलं नाही. पाण्याच्या पाळीला तिच्या वावरात पाणी मात्र कुणीतरी सोडलेलं असायचं, थंडीआधी कुंपणाला गवताची गंजी रचलेली असायची. कुणाचं काम ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपा तर आंधळी नव्हती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी म्हातारी. एकदाही नाव काढलं नाही तिनं.

"कुनच्या तोंडानं रडू रं?" ओमुर शेरअलीला म्हणाला. "माझ्यापायी मेला त्यो. त्याला खाऊन मीच त्याच्या दारात गळा काढू?"

शेरअलीनं आवाज चढवला नाही. आपली रिकामी बाही त्यानं खिशात खोचली.

"आपा आता थकली. काल तिनं स्वतःचं कफन उन्हात घातलं. ती वर गेली की सायाक इचारनार, आई, मला भाऊ म्हनून कोन रडलं का? काय सांगंल ती?"

ओमुर काठी टेकत चुलीपासनं उठला. मग त्यानं हाडाची ताटली उचलली.

तो खालच्या रस्त्यानं वळणावर गेला. आम्ही मागं लांब राहिलो. पहिला आवाज निघाला तो घशात काटा अडकलेल्या बोकडासारखा. मला वाटलं, झालं, फिरतोय आता माघारी. पण दुसऱ्या खेपेला तो सुटला. "भावा माझ्या! सायाका!" काठीवर वाकलेला, ताटली छातीशी धरलेली, पाय चिखलातनं ओढत. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडत होतं. मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्याला लावलं. शेरअली आणि बाकीचे गडी त्याच्यामागं रडत निघाले.

गावाला काय ठाऊक! लोकांना वाटलं बुरुल आपा गेली. बाया डोक्याला पांढरं बांधून धावल्या. खालच्या आळीचा जेक्शेन तर कबर खणायला फावडं घेऊनच आला.

आपा दारात उभी होती.

"मी जिती हाय," ती लोकांवर खेकसली. "गप ऱ्हावा. त्यो माझ्या लेकासाठी रडतोय."

मग ती आत गेली, भिंतीकडं तोंड करून बसली आणि तिनं लेकाचं नाव घेऊन शोक धरला. बाहेर ओमुर, आत ती. सायाकची मैत त्या दिवशी झाली म्हणा.

रडणं ओसरल्यावर तिनं ओमुरच्या हातावर पाणी घातलं, त्याला जवळ बसवलं. तो खाली मान घालून म्हणाला, "आपा, त्येच्या जागी मी मरायला पायजे हुतो."

"व्हय," आपा म्हणाली. "म्या बी रोज त्येच मागितलं. अल्लानं माझं ऐकलं न्हाई. तुला जसं त्येचं वझं, तसं मला त्या मागन्याचं." तिनं कमरेच्या हाडावरचं मांस सोडवलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. "खा. उपाशी बसवायला न्हाई उचललं त्यानं तुला."

त्यानं घास तोंडात घातला. चहाबरोबर कसाबसा उतरवला.

जेक्शेन अजून दारात, फावडं लपवायला जागा शोधत. आपानं त्याला बरोबर हेरलं.

"आनलंयस तर दारातला बरफ तरी वढ."

ओमुर उठला. जेक्शेनच्या हातातनं त्यानं फावडं घेतलं आणि आपाच्या अंगणातला बर्फ ओढायला लागला, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर. मान मात्र त्याची वर झाली नाही.