परीक्षेत नसलेलं गाणं

"आजोबा, हा की-बोर्ड विकून टाका," पायल म्हणाली आणि दप्तर कोचावर टाकून तोंड फिरवून बसली.

नवनाथ शेजवळांनी चष्मा खाली ठेवला. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवून ते आता इंदिरानगरला मुलाच्या घरी राहत होते. नात दुसरीत होती.

"काय झालं गं?"

"परीक्षेत नापास. टीचर म्हणतात, माझी बोटं रोज चुकतात."

"बरं, विकू. पण त्याआधी मला एकदा काहीतरी वाजवून दाखव."

"कोणता धडा?"

"धडा नको. तुला वाटेल ते."

पायलने हात पट्ट्यांवर नेले आणि तसेच अधांतरी धरले. "मला वाटेल ते येत नाही, आजोबा."

नवनाथांना आपलं लहानपण आठवलं. कळवणजवळच्या त्यांच्या गावी वडील, सहादू, भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवायचे. कार्यक्रम संपून मंडळी चहाला गेली, की वस्तीतली पोरं वाद्यांवर तुटून पडायची. कुणी झांजा बडवायचं, कुणी ढोलकी. नवनाथ पेटीतून एस.टी.चा भोंगा काढायचे. कुणी ओरडलंच, तर सहादू बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "वाजवू द्या. मोडलं तर जोडू. आधी पोरांचं भ्या तर जाऊ दे." त्या धांगडधिंग्यात सूर कधी हाताला लागला, ते नवनाथांना कळलंही नव्हतं.

त्यांनी कपाटावरची ढोलकी खाली घेतली, मांडी घातली. बोटं आखडली होती. पहिलीच थाप फसली.

"चुकलं," पायल लगेच म्हणाली.

"हो ना. आता तू चुकून दाखव."

तिने घाबरत घाबरत तळहाताने चार पट्ट्या एकदम दाबल्या. नवनाथांनी ढोलकीवर तसाच दणदणाट केला. ती खुदकन हसली. मग की-बोर्डवर कुकरची शिट्टी झाली, घंटागाडी झाली. होता होता दोन सूर तिला आवडले आणि ती फिरून फिरून त्यांच्यापाशीच येऊ लागली. नवनाथांनी हळूच खाली ठेका धरला. सूनबाई, छाया, स्वयंपाकघरातून डोकावली. रोजच्यासारखं "प्रॅक्टिस कर" म्हणाली नाही.

"आजोबा, उद्या हेच वाजवू?"

"उद्या हे यायचं नाही, बाळा. दुसरंच काहीतरी येईल."

आतून छायाने जेवायला हाक मारली. तरी पायलने शेवटी दाबलेल्या पट्टीवरचं बोट उचललं नाही.